वाढत्या अंगाची

सफारी म्हटलं की मला आधी बाबांची आठवते:
बिस्किटी रंगाची, चार खिशांची,
चाळीसगावच्या टेलरने धाकट्या आत्याच्या लग्नाला शिवलेली.
पुढे ती पाटबंधारे खात्यातल्या सगळ्या लग्नांना गेली,
एकदा औरंगाबादला, साहेबांच्या निरोप समारंभालाही.
त्यापलीकडचं रान तिने पाहिलं नाही.

आता सोहारमध्ये, पलंगभर कपडे पसरून
मी नेमका तोच रंग शोधतेय.
निळं नको, काळं नको, त्यावर माश्या बसतात,
असं पत्रकात लिहिलंय.
बॅग मऊ हवी, पंधरा किलोची, चाकं नकोत.
माझं तर सगळं आयुष्यच इथे चाकांवरून आलं,
एकवीस वर्षांपूर्वी, लोणच्याच्या बरणीसकट.

हेरंब म्हणतो, दशम्या घेऊ.
मी म्हणते, सिंहाला वास येईल.
येऊ दे की, तो म्हणतो,
तेवढ्यासाठीच तर पैसे भरलेत.

लीलाम्मा सिस्टरने पिवळ्या तापाची सुई टोचली,
पिवळ्या पुस्तकावर शिक्का मारला:
"आयुष्यभर चालेल."
मी दोनदा विचारून घेतलं.
या देशात माझ्या नावावरचं
आयुष्यभर चालणारं हे पहिलंच काही.

कामावर मी समुद्राचं मीठ मोजते,
पाणी गोडं झालं की सही करते.
शेजारच्या टेबलावर झुवैना. तिची आजी झांझिबारची.
दुपारच्या चहाला ती मला शब्द शिकवते:
तेंबो म्हणजे हत्ती, त्विगा म्हणजे जिराफ,
दुका म्हणजे दुकान, चाय म्हणजे, अगं, हाच.
"सफर तर तुमच्यातही आहे ना?" ती विचारते.
आहे की. कुणाच्या गलबतातून कुठे उतरला, देव जाणे.
ती स्वतः कधी गेली नाही.
"वास घेऊन ये," म्हणाली. आजी लवंगांचं सांगायची.
आम्ही जातोय तिथे लवंगा नसतात
हे मी बोलले नाही.

दुर्बिणीचा सराव बाल्कनीत:
नांगर टाकलेली जहाजं,
समोरच्या इमारतीतल्या बनियनी,
खजुरावरची साळुंकी, तीही आपल्याकडचीच,
इथे येऊन गबर झालेली.

मग ती पहाट, आणि थंडी,
जिच्याबद्दल पत्रकात होतं आणि मी हसले होते.
गाडी गॉडलिसन चालवतो, फार बोलत नाही.
तीन तास धूळ.
सिंहाच्या शेपटीसारखं गवत. निघालं गवतच.
दशम्या संपल्या.
त्याने इंजिन बंद केलं
आणि इतकं शांत झालं
की कानात एसी ऐकू आला, एकवीस वर्षांचा.

डावीकडे हत्तीण.
सोंडेने तिने गवताची जुडी उपटली,
पुढच्या पायावर झटकली, एकदा, दोनदा,
मुळांची माती निघेपर्यंत,
आई मेथी झटकायची मोरीच्या कठड्यावर, तशी,
मग तोंडात घातली. मग दुसरी जुडी.
आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही.
तिच्या पोटातली गुरगुर ऐकू येत होती.
कॅमेरा मांडीवर. हेरंबने माझ्याकडे रुमाल सरकवला
आणि उजवीकडे बघत राहिला, जिथे काहीच नव्हतं.

सिंह तिसऱ्या दिवशी दिसला. झोपलेला.
भोवती सात गाड्या. ठीक होता.

परतलो. सोहारचा उन्हाळा विमानतळापासूनच अंगावर आला.
झुवैनाने माझा स्कार्फ नाकाशी धरला.
"धूळ," ती म्हणाली,
आणि तो परत दिला नाही.

रात्री बाबांचा फोन. हल्ली त्यांना कमी ऐकू येतं.
"काय गं, कशी झाली सफारी?"
टेलरकडून आल्यावर विचारावं, तसं.
"छान झाली," मी ओरडून सांगितलं,
"जरा सैल आहे अजून.
वाढत्या अंगाची शिवलीय."